क वर्गाचा कप

४ एप्रिल, रविवार

हंगामाचा पहिला दिवस. आजपासून रोजनिशी. माणसाला स्वतःची प्रगती डोळ्यांसमोर दिसली पाहिजे.

संकल्प एकच: यंदा नेमबाजी क्लबचा क वर्गाचा कप घरी आणायचा. भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर, बाबांच्या फोटोशेजारी, जागा आजच मोकळी केली. तिथली मॅव्हिसची चिनीमातीची बदकं कपाटात हलवली. ती म्हणाली, बदकांना सप्टेंबरपर्यंत तरी राहू दे. बायकोला दूरदृष्टी नाही.

आजचा स्कोअर पन्नासपैकी सतरा. वारा होता.

५ एप्रिल, सोमवार

काल एक लिहायचं राहिलं. प्रत्येक तबकडी न फुटता निसटली की माझ्या पाठीमागे उभी असलेली मंडळी एका सुरात म्हणतात, "मागे होतास, लेन." म्हणजे मातीची तबकडी पुढे उडून गेली आणि माझे छर्रे तिच्या मागून गेले. तबकडी यंत्रातून सुटते, भर्रकन जाते, तिच्या पुढे नेम धरायचा असतो, हे मला एकोणीस वर्षं शिकवलं जातंय. जणू मला माहीत नाही. मी तीस वर्षं सरकारी वाहनपरीक्षक होतो. वेगाचा अंदाज हा माझा धंदा होता.

खरं कारण काडतुसं. यंदाचा माल हलका आहे.

कपाबद्दल. आमच्या क्लबात तीन वर्ग. अ मध्ये पटाईत, ब मध्ये मधले, क मध्ये आम्ही. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी प्रत्येक वर्गाचा वेगळा कप. क चा सगळ्यांत लहान, उकडलेलं अंडं ठेवायच्या कपाहून जरासा मोठा. पण त्याच्या बुडाच्या लाकडावर चांदीची पट्टी आहे, आणि त्या पट्टीवर तीनदा कोरलंय: ई. स्क्रिमशॉ, म्हणजे अर्नेस्ट, माझे बाबा. बाबा जन्मभर क वर्गात राहिले आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. त्यांच्या नावाखाली माझं नाव यावं, एवढीच माझी इच्छा आहे. हे मी कुणाला बोललेलो नाही. मॅव्हिसलासुद्धा नाही.

११ एप्रिल, रविवार

सोळा. उजवा बूट चावत होता.

गॉर्डन चेफिंग्जचा विषय आज लावून धरला. गॉर्डन बटाट्याची शेती करतो, क वर्गात आहे, आणि गेली दोन वर्षं कप त्याच्याकडे. गंमत अशी की गडी सबंध उन्हाळा तबकड्या चुकवतो आणि सप्टेंबरात पटापट फोडतो. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. क वर्गातून वर जायला लागू नये म्हणून मुद्दाम चुकतो! गेल्या जूनमध्ये बघितलं तर डोळे लाल, सारखा रुमालानं पुसत होता. अपराधी मन. परीक्षकाच्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

चहाच्या टपरीवर त्याला तोंडावर सांगितलं की तुझ्यासारख्यांमुळे हा खेळ बुडणार. तो बेकनचा पाव खात होता. नीट चावून, गिळून म्हणाला, "मागे होतास, लेन. सगळ्या तबकड्यांच्या."

अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन क्लबच्या सेक्रेटरी मिसेस पॉकलिंग्टन यांना पत्र लिहिलं. वर्ग हा न्यायाचा आत्मा आहे. वर्ग नसते तर कमी ताकदीच्या पण प्रामाणिक माणसाला बक्षीस कधीच दिसलं नसतं. म्हणून दोन नियम करा. एक, क मधला कुणी एका दिवसात पस्तीसच्या वर गेला, किंवा ब मधला चाळिशीच्या वर, की त्याला दुसऱ्याच दिवशी वरच्या वर्गात ढकला. दोन, खाली यायचं तर एका हंगामात एकच पायरी, तीही लागोपाठ चार रविवारांची सरासरी विसाच्या खाली असेल तरच. म्हणजे लबाडांना घसरगुंडी मिळणार नाही.

मॅव्हिसला वाचून दाखवलं. ती स्वेटरचे टाके मोजत होती. म्हणाली, चांगलं लिहिलंयस.

२५ एप्रिल, रविवार

समितीनं दोन्ही नियम मंजूर केले! फलकावर लावलेत. लोक त्यांना "स्क्रिमशॉ नियम" म्हणायला लागलेत. कपाच्या आधी माझं नाव फलकावर लागलं. गॉर्डन फलक वाचत बराच वेळ उभा होता. वाच बाबा, वाच.

स्कोअर चौदा. आनंदात लक्ष विचलित होतं.

२ मे, रविवार

मॅव्हिसला बंदूक चालवून बघायची आहे. अकरा वर्षं ती माझ्या मागे घडीच्या खुर्चीवर थर्मास आणि विणकाम घेऊन बसते. आज म्हणाली, बसून बसून पाठ धरते, उभं राहून बघते जरा.

मी मोठ्या मनानं शिकवलं. पाय कसे ठेवायचे, श्वास, खांदा, मनाची स्थिरता. मनाच्या स्थिरतेवर आलो तेवढ्यात तिनं "सोडा" म्हटलं आणि पहिली तबकडी फोडली. दुसरीही. नवशिक्याचं नशीब. तिला समजावलं, यानं हुरळून जाऊ नकोस.

शिकायला ती मंद नाही म्हणा. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते गाडी चालवण्याच्या परीक्षेत. नापास केली होती. आरसा बघत नव्हती. पुढच्या खेपेला ती दुसऱ्या परीक्षकाकडून पास झाली आणि मग माझ्याशी लग्न केलं. आरसा अजूनही बघत नाही.

मिसेस पॉकलिंग्टननी तिचं नाव क वर्गात घातलं. नव्या माणसाचं तसंच करतात.

२३ मे, रविवार

अडतीस!!

पन्नासपैकी अडतीस. पुन्हा लिहितो, अडतीस. समोरून सोसाट्याचा वारा होता आणि त्याही परिस्थितीत अडतीस. मागे सगळे चिडीचूप. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी "मागे" म्हटलं नाही.

गॉर्डनचं म्हणणं असं की समोरच्या वाऱ्यानं तबकड्या हवेत अडकून पडत होत्या, आज त्याची आजीसुद्धा अडतीस फोडती. मत्सर माणसाला काय बोलायला लावेल सांगता येत नाही.

येताना 'प्लाउ' पबमध्ये सगळ्यांना बिअर पाजली.

२४ मे, सोमवार

सकाळी मिसेस पॉकलिंग्टनचा फोन. अभिनंदन म्हणाल्या. मी म्हटलं, त्यात काय एवढं. त्या म्हणाल्या, ब वर्गात स्वागत आहे.

मी विचारलं, कोणाचं?

त्या म्हणाल्या, स्क्रिमशॉ नियमानं स्क्रिमशॉचं.

फोन ठेवल्यावर बराच वेळ फळीवरच्या मोकळ्या जागेकडे बघत बसलो.  ब वर्गाच्या कपावर बाबांचं नाव नाही.

६ जून, रविवार

ब वर्गात पहिला दिवस. शेवटून पहिला. इथली माणसं बोलत नाहीत, नुसती तबकड्या फोडतात. एकानं मला विचारलं, तुम्ही कुणाला शोधताय का?

मिसेस पॉकलिंग्टनना दुसरं पत्र. वर्ग ही अमानुष पद्धत आहे. माणसांना अ, ब, क अशी लेबलं चिकटवणं आजच्या काळात शोभत नाही. तबकडीला कुठे माहीत असतं समोरचा कोण आहे? सगळे वर्ग मोडून टाका, किंवा निदान ज्याला जिथं आपलं वाटतं तिथं राहू द्या.

१० जून, गुरुवार

उत्तर आलं. एप्रिलमधलं पत्र मी मागे घेतोय का, अशी सविनय विचारणा. उत्तर देणार नाही.

२० जून, रविवार

निर्णय झाला. खाली यायचं.

माझाच दुसरा नियम तशी सोय ठेवतो. जुलैचे चार रविवार सरासरी विसाच्या खाली राहिली की ऑगस्टात पुन्हा क वर्ग, सप्टेंबरात कप. म्हणजे चार रविवार मुद्दाम चुकायचं.

यात आणि गॉर्डनच्या लबाडीत फरक आहे. तो क मध्ये लपतो, मी क मध्ये परततो. शिवाय माझं कारण पवित्र आहे.

मॅव्हिसला आडून आडून सांगितलं. ती म्हणाली, मुद्दाम कशाला? नेहमीसारखं मार ना.

तिला कसं समजावणार? सध्याच्या माझ्या फॉर्मात नुसता प्रामाणिक नेम धरला तरी सरासरी तिशीत जाईल. धोका पत्करून चालणार नाही.

२ जुलै, शुक्रवार

योजना पक्की. मागून चुकायचं नाही. तसं केलं तर नेहमीची बोंब होणार आणि कुणाला काही वेगळं वाटायचं नाही हे खरं, पण एक तत्त्व म्हणून मी त्या लोकांना "मागे" म्हणायची संधी देणार नाही. चुकायचं ते पुढून. तबकडीच्या इतकं पुढे नेम धरायचा की डोकं ठिकाणावर असलेला कुणीही तिथं गोळी घालणार नाही.

४ जुलै, रविवार



पहिल्या तबकडीच्या हातभर पुढे मारलं. फुटली. नुसती फुटली नाही, पावडर झाली. वाटलं, अपघात. दुसरीच्या आणखी पुढे मारलं. धूर. तिसरीला तर मी जवळजवळ शेजारच्या गावावर नेम धरला. तिचाही चुरा.

मग काय करू? मागून मारावं तर तत्त्व आड येतं. आणखी पुढे सरकत गेलो, तबकड्या आणखी बारीक होत गेल्या. मागे लोक गोळा झाले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की थांबवा हे, मी प्रयत्न करतोय. गॉर्डननं डोळे पुसले आणि डोक्यावरची टोपी काढली. शेवटच्या तबकडीला मी डोळे मिटून घेतले. त्रेचाळीस.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅव्हिस टाळ्या वाजवत नव्हती. खुर्चीतून उठून, हाताची घडी घालून ती माझ्या बंदुकीच्या नळीकडे टक लावून बघत होती. 

५ जुलै, सोमवार

मिसेस पॉकलिंग्टनचा फोन. घेतला नाही. त्यांनी निरोप ठेवला. अ वर्ग.

आज जेवलो नाही. मॅव्हिसनं यॉर्कशर पुडिंग केलं होतं, तेही नको म्हटलं. एका हंगामात एकच पायरी खाली. अ मधून एक पायरी म्हणजे ब. यंदा कप गेला. हा नियम कुठल्या गाढवानं केला हे मला माहीत आहे.

११ जुलै, रविवार

अ वर्गात पंधरा. आता मन लावून, नीट, शास्त्रशुद्ध नेम धरला. पुढे वगैरे मारण्याचा तो गेल्या रविवारचा चावटपणा बंद. चुकीच्या गोष्टीनं यश आलं म्हणून ती बरोबर ठरत नाही, हे मी तीस वर्षं शिकाऊ ड्रायव्हरांना सांगत आलो. त्रेचाळीसचं कारण बहुधा त्या दिवशी मी घातलेली जुनी टोपी.

लोक: "मागे होतास, लेन." पहिल्यापासून शेवटपर्यंत.

१८ जुलै, रविवार

टोपी घातली. बारा. टोपी नव्हे.

१ ऑगस्ट, रविवार

गॉर्डनबद्दल एक गोष्ट कळली. लिहिणं भाग आहे. त्याला गवताच्या परागांची ॲलर्जी आहे. सबंध उन्हाळा डोळ्यांतून पाणी वाहतं, एकेक तबकडी दोन दोन दिसते. सप्टेंबरात गवत वाळतं, डोळे कोरडे होतात, मग नेम लागतो. गावात सगळ्यांना माहीत होतं. मी मॅव्हिसला म्हटलं, मग मला कुणी सांगितलं कसं नाही? ती म्हणाली, तू विचारलंस कुठे, तू पत्र लिहिलंस.

गॉर्डनची माफी मागायला गेलो. तो बटाटे चाळत होता. मी पिकापाण्याचं विचारून परत आलो.

१५ ऑगस्ट, रविवार

मॅव्हिस आता बुधवारीही मैदानावर जाते. माझ्याकडून शिकायला तिला संकोच वाटत असावा, म्हणून मी नसताना जाते. तिचा स्कोअर तिशीच्या आसपास असतो म्हणे. क वर्गाला तेवढं चालतं.

पत्र क्रमांक तीन. वर्ग राहू द्या, पण विशिष्ट परिस्थितीत, जिथे एखाद्या सदस्याला नियमांच्या तांत्रिक घोळामुळे आपल्या मूळ वर्गापासून तोडलं गेलं आहे, तिथं समितीनं आपल्या अधिकारात बक्षीस त्याच्याकडे वळवावं. नाव घातलं नाही. सूज्ञांना कळेल.

२५ सप्टेंबर, शनिवार

उद्या अंतिम स्पर्धा. पत्राला उत्तर नाही. मी याचा अर्थ चांगला घेतो. नकार असता तर त्या बाईनं टपालाचं तिकीट वाचवलं नसतं.

चार ओळींचं आभाराचं भाषण तयार करून ठेवलंय. फळीवरची धूळ पुसली.

२६ सप्टेंबर, रविवार

जसं घडलं तसं लिहितो.

अ वर्गात मी शेवटचा. ऊन डोळ्यांवर होतं. ढगाआडून, पण होतं.

नंतर तंबूत बक्षीस समारंभ. मिसेस पॉकलिंग्टन टेबलामागे उभ्या. आधी क वर्ग. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, "क वर्गाचा कप, स्क्रिमशॉ." समितीला शेवटी न्याय सुचला!  मी उठलो, कोट खाली ओढला, खिशातून भाषण काढलं आणि टेबलापर्यंत पोहोचलोसुद्धा. मिसेस पॉकलिंग्टन माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. वळलो तर मॅव्हिस येत होती, काखेत विणकामाची पिशवी. छत्तीस फोडल्या होत्या तिनं. गॉर्डनला दोननं मागे टाकलं. मी माझ्या उन्हाच्या विचारात तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

तंबूत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी बाजूला झालो आणि टाळ्या वाजवल्या. माझ्यानंतर सगळ्यांनी वाजवल्या.

गाडीनं घरी निघालो. ती चालवत होती. मग मी विचारलं, कसं जमलं तुला?

ती म्हणाली, "अकरा वर्षं तुझ्या मागे बसलेय, लेन. दर रविवारी सगळे तुला काय करायचं ते ओरडून सांगतात. मी ते केलं."

जरा वेळानं म्हणाली, "जुलैत तू पुढे मारलंस, तेव्हा खात्रीच पटली."

आणि मग वळणावर, आरशात न बघता, "मला नापास केलंस तेव्हाही असंच झालं होतं. घरी जाऊन तू सांगितलेल्या सगळ्या चुका नीट केल्या. तुझं ऐकणारी मी एकटीच आहे रे. तू ऐकतोस का कुणाचं?"

 भाषणाचा कागद कोटात तसाच आहे.

२७ सप्टेंबर, सोमवार

कप फळीवर, बाबांच्या फोटोशेजारी. जागेत बरोबर बसला. मॅव्हिसनं बदकंही परत आणून ठेवली, कपाच्या दोन्ही बाजूंना. 

रागावलो नाही. रागावायला कुणीतरी चुकलेलं असावं लागतं.

५ ऑक्टोबर, मंगळवार

नाव कोरून घ्यायला कप लाउथ गावच्या कोरणाऱ्याकडे नेणं हे विजेत्याचं काम. मॅव्हिस आज मैदानावर होती, म्हणाली, तू नेतोस का? नेला.

कोरणारा म्हातारा बाबांना ओळखत होता. पट्टी बघून म्हणाला, अर्नेस्टचा मुलगा ना तू? उशीर केलास, पण आणलास. अभिनंदन. मी धन्यवाद म्हटलं. त्यानं अवजार उचलून विचारलं, आद्याक्षर कुठलं?

क्षणभर, फक्त क्षणभर, मी गप्प राहिलो. मग म्हटलं, एम. मॅव्हिसचा एम. माझी बायको. छत्तीस फोडल्या तिनं.

तो म्हणाला, बरं. आणि कोरलं. ई. स्क्रिमशॉ, ई. स्क्रिमशॉ, ई. स्क्रिमशॉ, मधे दुसरी पुष्कळ माणसं, आणि शेवटी एम. स्क्रिमशॉ. सुबक काम. मला बरं वाटेल असं वाटलं नव्हतं, पण वाटलं. आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम.

पट्टीवर खाली थोडी मोकळी जागा उरली आहे. दोन-तीन नावं मावतील, म्हातारा म्हणाला.

परतताना क्लबात डोकावलो. मिसेस पॉकलिंग्टननी पुढच्या हंगामाचे वर्ग लावले होते. मॅव्हिस छत्तीसमुळे ब मध्ये गेली. माझी ऑगस्टची सरासरी बघून मलाही एक पायरी खाली, ब मध्ये आणलंय. म्हणजे पुढचं वर्ष आम्ही दोघं एकाच वर्गात.

मी विचारलं, आणि ब मधून क मध्ये? त्यांनी फलकावरच्या स्क्रिमशॉ नियमांवर बोट ठेवलं. त्यासाठी पुढच्या हंगामात लागोपाठ चार रविवार वाईट मारावं लागेल, मिस्टर स्क्रिमशॉ, त्या म्हणाल्या. आणि मुद्दाम चुकलेलं आम्हाला चालणार नाही.

मी म्हटलं, काळजी करू नका. मुद्दाम काही करावं लागणार नाही.